तीस घटींच्या दिवसांत गोवा

१७ मार्च, करमळी

गोव्यात पक्षी बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा गार असते, तळी भरलेली असतात, बदकांचे थवे उतरलेले असतात. मी मुद्दाम मार्च निवडला, आणि तोही विषुवदिनाचा आठवडा. हिवाळ्यात पाहुणे पक्षी नुसते दिसतात. मार्चात ते बदलताना दिसतात. पिसांचा रंग पालटतो, चरण्याची घाई वाढते, आणि मग एका सकाळी कालपर्यंत गजबजलेलं शेत रिकामं असतं. गोव्याच्या उबेत बसलेल्या पक्ष्याला हजारो किलोमीटरवरचा बर्फ वितळायला लागणार आहे हे कळतं कसं, हा प्रश्न माझ्या मनात फार दिवस घर करून होता.

कोकण रेल्वेने करमळीला उतरले. आतेभाऊ घ्यायला आला होता. तळं स्टेशनापासून अगदी जवळ, म्हणून सामान गाडीत टाकून आधी तिकडेच गेलो. पाणी बरंच खाली गेलं होतं. अडई बदकं थव्याथव्यांनी बसलेली, जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात, पानांवरून चालणारे कमळपक्षी. ही सगळी इथलीच मंडळी. उत्तरेकडून हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या तलवार बदकांपैकी मात्र एकही राहिलं नव्हतं. भुवई बदकांची एक टोळी तेवढी काठाजवळ होती आणि नरांची पांढरी भुवई उन्हात लख्ख दिसत होती. हेच नर पावसाळा संपताना येतात तेव्हा मादीसारखेच मातकट असतात.

रंग ही वरची गोष्ट. खरी उलथापालथ आत चालते. पक्ष्यांची जननेंद्रियं वर्षातला बराच काळ आकसून इवलीशी राहतात, कारण उडणाऱ्या शरीराला नको असलेलं वजन परवडत नाही. वीण जवळ आली की नराचे वृषण शेकडो पटींनी वाढतात, वीण सरली की पुन्हा आकसतात. या वाढीला आठवडे लागतात. म्हणजे घरट्याच्या जागी पोचल्यावर तयारीला लागून भागत नाही. ती कितीतरी आधी, परमुलखात असतानाच सुरू व्हावी लागते. आणि इतक्या आधी थंडीचा भरवसा नसतो, पावसाचा नसतो, अन्नाचाही नसतो. दरवर्षी त्या त्या तारखेला हमखास तेवढीच असते ती एकच गोष्ट: दिवसाची लांबी.

हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन यांनी. १९२४च्या हिवाळ्यात त्यांनी जंको नावाचे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनी त्यांचा दिवस रोज थोडाथोडा लांबवत नेला. बाहेरचं तापमान शून्याच्या कितीतरी खाली. तरी ऐन हिवाळ्यात त्या नरांचे वृषण वसंतातल्यासारखे वाढले. १९२५ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. तोवर पुष्कळांचा समज होता की पक्ष्यांना ऊन-थंडी आणि भूक हाकलते. रोवन यांनी उबेची बाजू पार बाहेर काढली आणि उजेड तेवढा हातात ठेवला. शंभर वर्षं होत आली, तरी मला हा प्रयोग वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

अंधार पडता डिचोलीला आत्याकडे पोचलो. शिगम्याचे ढोल लांबून ऐकू येत होते. आत्या म्हणाली, "दमलीस गो बाय. आधी जेव, पाखरं उद्या."

१८ मार्च, चोडण

रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली की चोडण बेटाच्या टोकाशीच डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य लागतं. १९८८ साली जाहीर झालेलं, सुमारे पावणेदोन चौरस किलोमीटरचं, जवळजवळ सगळं खारफुटीचं. भरती चढत असताना होडीने आत शिरलो. भरतीला चिखल झाकला जातो आणि चिखलात चरणारे पक्षी मुळांवर, झुकलेल्या फांद्यांवर येऊन बसतात, त्यामुळे ते अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. तुतवार शेपूट वरखाली हलवत एका मुळावरून दुसऱ्यावर उडत होता. होडीवाल्या दादांना विचारलं, हे इथे कधीपासून कधीपर्यंत असतात?

"पावसा आदीं वतात. चवथीच्या आदीं परतून येतात."

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चंद्रावर चालते. ती कधी ऑगस्टअखेरीस येते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. तुतवार मात्र सूर्याच्या वर्षाने चालतो. अधिक महिना आला की चवथ लांबते, तुतवार लांबत नाही. मी हे दादांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "कांय वर्सां खूब आदीं येता." त्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं.

पुढे एका फांदीवर लाल पायांचे टिलवे ओळीने बसले होते, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, डोळे मिटून. पक्षी उजेड फक्त डोळ्यांनी मोजत नाही, हे तिथेच आतेभावाला सांगायला घेतलं. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी दाखवलं की दृष्टी गेलेल्या बदकांचे वृषणसुद्धा लांब दिवसाला तसेच वाढतात. पुढे टेक्सासमध्ये मायकेल मेनाकर यांनी चिमण्यांवर काम केलं. डोक्यावरची पिसं उपटली की चिमणीचं शरीर मंद उजेडालाही दाद देतं; डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली की देत नाही. कवटीतून झिरपलेला उजेड मेंदूच्या तळाशी थेट पोचतो आणि तिथल्या पेशींना कळतो. पुढची साखळी जपानमध्ये नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी लावा पक्ष्यावर उलगडली, २००८ साली. दिवस पुरेसा लांब झाला की पियुषिका ग्रंथीच्या मुळाशी एक संप्रेरक तयार होतं, त्यामुळे मेंदूतल्या मेंदूत थायरॉइडचं संप्रेरक जागं होतं, आणि तिथून विणीची सगळी यंत्रणा सुरू होते. लाव्यामध्ये पहिल्याच लांब दिवसाच्या अखेरीला ही हालचाल दिसते. एका दिवसात!

पण चोडणची माझी खरी सकाळ होडीतून उतरल्यावर सुरू झाली, खाजनाच्या शेतात.

खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. भात कापून झालेलं, मध्ये मध्ये ओल, आणि त्यात पिवळे धोबी पक्षी. डिसेंबरात हे सगळे एकसारखेच दिसतात, फिकट आणि मळकट. कोण कुठला हे सांगताना जाणत्यांचीही दमछाक होते. आता नर रंगात आले होते आणि प्रत्येकाने आपलं गाव जणू डोक्यावर मिरवायला घेतलं होतं. एकाचं डोकं काळंभोर: हा आग्नेय युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातला. दुसऱ्याचं गडद राखाडी: हा स्कँडिनेव्हिया ते सायबेरिया, पार उत्तरेचा. दोघं एकाच ढेकळांत, एकाच गुराच्या पायांशी किडे टिपत होते. काळ्या डोक्याच्या नराचा पालट पुरा झालेला, राखाडी डोक्याचा अजून अर्धामुर्धा.

या एका दृश्यासाठी मी गोव्याला आले असं म्हटलं तरी चालेल. १९५०च्या दशकात स्वीडनचे पक्षिशास्त्रज्ञ काई करी-लिंडाल यांनी काँगोमध्ये नेमकं हेच अभ्यासलं होतं. तिथेही पिवळ्या धोब्यांचे वेगवेगळ्या मुलखांतले प्रकार हिवाळ्यात एकत्र राहतात. जागा एक, अन्न एक, उजेड एक. तरीही दक्षिणेकडच्या मुलखात वीण करणाऱ्यांची इंद्रियं आधी वाढतात, चरबी आधी चढते आणि ते आधी निघतात. पार उत्तरेचे सगळ्यांत शेवटी. बाल्कनमध्ये मार्च-एप्रिलात शेतं हिरवी असतात, लॅपलँडमध्ये तेव्हा बर्फ असतो. ज्याने त्याने आपल्या गावाच्या हिशोबाने निघायचं. पण ते गाव डोळ्यांपुढे नसतं. ते अंगात असतं, आईबापांकडून आलेलं. उजेड सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो आणि प्रत्येक जण तिचा अर्थ आपल्या घराप्रमाणे लावतो.

आतेभाऊ दुर्बीण खाली ठेवेना. शेवटी ऊन डोक्यावर आल्यावर उठलो.

१९ मार्च, मोरजी

शापोरा नदी समुद्राला मिळते त्या वाळूच्या जिभेवर कुरव आणि सुरय बसतात. सूर्य वर यायच्या आत पोचलो. तपकिरी डोक्याच्या कुरवांचा मोठा जमाव होता, आणि नावाप्रमाणे खरोखर तपकिरी डोक्याचे थोडेच. हिवाळ्यात यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे एक काळा ठिपका तेवढा. आता कोणाचं कपाळ चढलेलं, कोणाची मान, कोणी पुरा तयार. हे लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकडे जातील. वाळूत धावणारे तिबेटी चिखल्याही तिकडचेच. त्यांच्या छातीवर विटकरी पट्टा उमटायला लागला होता.

निघण्याआधी पक्षी खातात, आणि खातात म्हणजे किती? लांबचा पल्ला मारणारे काही छोटे पक्षी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. हेही भूक लागली म्हणून होत नाही. उजेड आणि अंगातलं वेळापत्रक मिळून भूक वाढवतात. आणि पक्षी पिंजऱ्यात असला तर त्या दिवसांत तो रात्ररात्र पंख फडफडवतो, या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारतो. एरवी रात्री गाढ झोपणारा पक्षी ऋतू आला की रात्री जागतो, कारण त्याचे भाईबंद तेव्हा उडत असतात. आपल्याकडे काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारिटांवर विनोदकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौ आणि दिल्लीला वर्षानुवर्षं हे काम केलं आहे. काळ्या डोक्याचा भारीट देशावरच्या ज्वारीच्या शेतांत थव्यांनी येतो, शेतकरी त्याला हाकून हाकून थकतात. बारा तासांहून लांब दिवस मिळाले की याच पक्ष्याला चरबी चढते, वृषण वाढतात आणि रात्रीची अस्वस्थता सुरू होते.

शरीर दिवस मोजतं ते कसं, हे कळल्यापासून मला किनाऱ्यावरचे दिवे नकोसे झाले आहेत. दिवसभरातल्या उजेडाची बेरीज होत नाही. जर्मनीच्या एर्विन ब्युनिंग यांनी १९३६ मध्ये वनस्पतींसंदर्भात मांडलेली कल्पना पक्ष्यांनाही लागू पडली: अंगातल्या चोवीस तासांच्या घड्याळात एक हळवा प्रहर असतो, आणि त्या प्रहरी उजेड आहे की नाही एवढंच बघितलं जातं. दिवस लांबला की संध्याकाळचा उजेड त्या प्रहरात शिरतो. म्हणून प्रयोगशाळेत दिवसा सहाच तास उजेड दिला आणि रात्री योग्य वेळी थोडासा दिवा लावला, तरी शरीर लांब दिवस आला असं धरून चालतं.

आता हे मनात ठेवून रात्रीचा किनारा बघा. म्युनिकमधल्या युरोपीय कस्तुरांना रात्री फक्त ०.३ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या जवळपासचा उजेड दिला, तर त्यांची विणीची तयारी जवळजवळ महिनाभर आधी झाली. हा अभ्यास २०१३चा. मोरजीत कासवांच्या विणीसाठी किनाऱ्याचा एक भाग राखलेला आहे आणि तिथे दिवे मंद ठेवावेत हे आता लोकांना पटलं आहे. पक्ष्यांसाठी हाच विचार व्हायला हवा. नदीच्या मुखापासून दोन हाकेच्या अंतरावर झगझगीत झोत थेट पाण्यावर सोडलेला मी काल संध्याकाळी पाहिला, आणि तो तिथे कोणाच्याच कामाचा नव्हता. दिवा खाली वळवायला, झाकण घालायला, बाराला बंद करायला फारसा खर्च येत नाही.

२० मार्च, डिचोली

आज कुठे जायचं नाही असं ठरवलं होतं. विषुवदिन. आतोबांनी सकाळीच पंचांग काढून ठेवलं होतं. निवृत्त शिक्षक ते. रोजचं दिनमान, म्हणजे दिवसाची लांबी, बघायची त्यांना सवय आहे. आज ती तीस घटींच्या, म्हणजे बारा तासांच्या, जराशी वर. सूर्य सहा चाळीसच्या सुमारास उगवला आणि संध्याकाळी पावणेसातला मावळणार.

"म्हणजे आज सगळ्या पृथ्वीवर दिवस सारखाच," आतोबा म्हणाले. "मग तुझ्या पाखरांना इथे काय नि तिथे काय?"

तिथेच तर मेख आहे. आज दिवस सारखा आहे, पण वाढण्याचा वेग सारखा नाही. साठ अंश उत्तरेला या दिवसांत दिवस रोज साडेपाच मिनिटांच्या आसपास वाढतो. पणजीच्या साडेपंधरा अंशांवर तो रोज एका मिनिटानेसुद्धा वाढत नाही. इथला सगळ्यात लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या आत-बाहेर, सगळ्यात मोठा तेरा तासांचा. वर्षभरात पावणेदोन-दोन तासांचा फरक. त्यातून ढग, झाडी, डोंगराची सावली. इतक्या बारीक खुणेवर एवढा मोठा प्रवास बेतायचा? आणि विषुववृत्तावर जाऊन राहिलेल्यांनी काय करायचं? तिथे तर खूण जवळजवळ नसतेच.

आत्याच्या परसातल्या फणसावर हिरवट पर्ण वटवट्या सकाळपासून ओरडत होता. चिमणीहून लहान, पानाच्या रंगाचा, क्षणभर एका जागी न ठरणारा. हिमालयापासून पार वर उत्तरेपर्यंत वीण करतो आणि निम्मं वर्ष आपल्या झाडांत काढतो. याच्याच कुळातल्या युरोपीय वटवट्यावर जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी १९६०च्या दशकात प्रयोग केला. पक्षी एका खोलीत ठेवले: बारा तास उजेड, बारा तास अंधार, ना उन्हाळा ना हिवाळा, तापमानही ठरलेलं. बाहेरचं वर्ष पुसूनच टाकलं. तरी ठरल्या काळाने पिसं झडली, नवी आली, चरबी चढली, उतरली, रात्रीची तगमग सुरू झाली, थांबली. वर्ष त्यांच्या अंगातच होतं. पुढे ग्विनर यांनी आफ्रिकेतले गप्पीदास असेच ठेवले, आणि दहा वर्षं उलटली तरी त्यांचं हे चक्र चालूच राहिलं. हा गप्पीदास म्हणजे आपल्या शेतांच्या कुंपणांवर हिवाळ्यात बसलेला दिसतो त्याचा भाऊबंद.

या आतल्या वर्षाची एक गंमत अशी की ते बरोबर बारा महिन्यांचं नसतं. बहुतेक वेळा थोडं आखूड निघतं. आतोबांचं भिंतीवरचं जुनं घड्याळ रोज काही मिनिटं पुढे पळतं आणि ते रोज सकाळी रेडिओच्या टोल्यांवर ते लावून घेतात. घड्याळ आपलं आपण चालतंच, टोले त्याला फक्त जाग्यावर आणतात. दिनमानाचं काम एवढंच आहे. म्हणून गोव्यातली एका मिनिटाचीही नसलेली रोजची वाढ पुरते. तिने पक्ष्याला हलवायचं नसतं, नुसतं बरोबर करायचं असतं.

आतोबांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, आणि तो फार चांगला होता. "चवथीआधी परत येतात म्हणालीस. म्हणजे जुलैत तिकडून निघत असणार. तेव्हा तर तिकडे अठरा-अठरा तासांचे दिवस. मग निघतात का?"

कारण तोवर त्यांचं शरीर लांब दिवसाला दाद देईनासं झालेलं असतं. ज्या उजेडाने वीण सुरू केली, तोच उजेड काही आठवडे मिळत राहिला की यंत्रणा आपण होऊन मिटते. इंद्रियं आकसतात, पिसं झडायला लागतात. बाहेर अजून उन्हाळा असतो, अन्न असतं, तरी वीण थांबते. असं झालं नसतं तर उशिरा जन्मलेली पिल्लं थंडीत सापडली असती. पुन्हा लांब दिवसाला दाद द्यायची ताकद यायला मध्ये आखूड दिवसांचा काळ काढावा लागतो. म्हणजे आपल्याकडची दिवाळी-संक्रांत त्यांच्यासाठी नुसती विश्रांती नसते. त्या आखूड दिवसांत त्यांचं शरीर पुढच्या वर्षासाठी पुन्हा तयार होत असतं.

आतोबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आत्या सोलकढी घेऊन आली आणि वर बघून म्हणाली, "हा इतकुसा? हा जातो इतक्या लांब?" आणि बराच वेळ फणसाखाली उभी राहिली.

२१ मार्च, तांबडी सुर्ल

सह्याद्रीच्या पायथ्याचं कदंबकालीन महादेव मंदिर, काळ्या दगडाचं, मागे ओहोळ, चहूकडे जंगल. इथे पाहुणे कमी, घरचे जास्त. आणि घरच्यांचा हिशोब वेगळा.

मंदिराच्या अलीकडे एका उंबराच्या जातीच्या झाडावर मलबारी राखी धनेश फळं खात होता. नर एकटाच, आणि दर थोड्या वेळाने चोच भरून एकाच दिशेला जाणारा. मादी कुठल्या तरी ढोलीत स्वतःला चिणून घेऊन बसलेली असणार. फटीतून नर भरवतो तेवढ्यावर तिचे आणि पिल्लांचे दिवस निघतात. या जंगलात फळं पिकतात त्या उन्हाळ्यात पिल्लं वाढवायची आणि पावसाच्या तोंडावर ती बाहेर काढायची, असा बेत. आम्ही झाडापासून लांबच थांबलो. नराला संशय आला की तो ढोलीकडे जायचं टाळतो आणि आत बसलेल्यांची उपासमार होते. फोटोसाठी ढोलीखाली उभं राहणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

ओहोळाशी शीळकरी कस्तुर होता, अजून गप्प गप्पसा. पाऊस जवळ येईल तसा त्याचा गळा मोकळा होत जातो.

आपल्याकडच्या सुगरणीची गोष्ट या सगळ्याच्या मधली आहे. सालिम अलींनी १९३० मध्ये किहीमला, आपल्याच कोकणात, सुगरणींच्या वसाहतीचं निरीक्षण करून नर एकामागून एक घरटी बांधतो आणि अनेक माद्या मिळवतो हे उलगडून दाखवलं. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात जे. पी. थपलियाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुगरणीवर उजेडाचे प्रयोग केले. दिवस लांबतो तशी तिची शरीरं तयार होतात, नराचं डोकं पिवळं होतं. पण तयार असणं वेगळं आणि घरटं विणायला घेणं वेगळं. त्याला लांब हिरवी पाती लागतात, ती पावसाशिवाय येत नाहीत. उजेड दार उघडतो, पाऊस आत बोलावतो. पाऊस लांबला तर नर पिवळे होऊन वाट बघत राहतात. पाऊस मार्चातच येऊन गेला, तरी तयारी नसलेलं शरीर घरटं बांधत नाही. ठिपकेवाली मनोलीही पावसातच वीण करते, आणि तिला भारतीय प्रयोगशाळांत सततच्या उजेडात ठेवलं तरी तिच्या अंगातलं वर्षाचं चक्र चालू राहतं. म्हणजे आतलं घड्याळ फक्त लांबच्या प्रवाशांनाच दिलेलं आहे असं नाही.

परतताना गाडीत चातकाचा विषय निघाला. चातक जूनमध्ये पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो, अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि पावसाळा सरताना जातो. सातभाई जन्मभर आपल्या चार झुडपांत राहतात. त्यांनी वाढवलेलं चातकाचं पोर मात्र आईबापांची ओळख नसताना, वाट दाखवणारं कोणी नसताना, समुद्रापार जायला निघतं. कधी निघायचं आणि कुठल्या दिशेला जायचं हे त्याला कोणीही शिकवलेलं नसतं. आतेभाऊ गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाला, "आणि आपण त्याला फक्त पाण्यासाठी ताटकळणारा पक्षी करून ठेवलाय."

२२ मार्च, कुडचडे

परतीची गाडी रात्रीची होती, म्हणून दिवस नंदा तळ्याला दिला. २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं गोव्याचं हे पहिलं पाणथळ. जुवारी नदीच्या एका प्रवाहाला लागून. पावसाळ्यानंतर इथे पाणी अडवून ठेवतात. आतोबाही हट्टाने बरोबर आले होते.

पाणी उतरत चाललेलं, कडेने चिखलाची पट्टी उघडी पडलेली, आणि तिच्यावर छोटे टिलवे सुईच्या वेगाने टोचत होते. हे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जायचे. त्यांच्या पाठीला तांबूस झाक यायला लागली होती. त्यांना बघताना एक काळजी मनातून जात नव्हती. युरोपात वीण करणारा एक माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो. नेदरलँड्समध्ये क्रिस्तियान बोथ आणि मार्सेल फिसर यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की तिकडचा वसंत आधी येऊ लागला, सुरवंट आधी व्हायला लागले, पण हा पक्षी आफ्रिकेतून निघतो तो दिनमानावर आणि अंगातल्या वर्षावर. त्यामुळे त्याचं येणं तेव्हा तितकं आधी सरकलं नव्हतं. पोचेपर्यंत पिल्लांच्या अन्नाचा भर ओसरून जायला लागतो. हवामान बदललं तरी सूर्य वीस मार्चला तिथेच असतो.

त्या बाजूने आपण या टिलव्यांसाठी काहीच करू शकत नाही. पण प्रवासाची शिदोरी ते इथून बांधून नेतात, मार्च-एप्रिलच्या या चिखलातून, आणि हा चिखल आपल्या हातात आहे. पर्यटकांचा हंगाम संपत आला की याच दिवसांत तळी उपसली जातात, खाजनाचे बांध फुटलेले तसेच राहतात, भराव टाकले जातात. डिसेंबरात तळं राखलं आणि मार्चात बुजवलं, तर त्यांचं निम्मं वर्ष राखलं असं होत नाही. निघण्याच्या तोंडावर उपाशी पडलेला पक्षी वाटेतच संपतो.

आतोबांना मी एक काम देऊन आले. पहिला धोबी कधी दिसला, पहिली बदकं कधी आली, हे सगळे लिहितात. शेवटचा कधी दिसला हे फारसं कोणी लिहीत नाही, कारण शेवटचा होता हे नंतरच कळतं. त्यासाठी रोज बघावं लागतं. त्यांनी वहीत दिनमानाच्या शेजारी एक रकाना आखला आहे: फणसावरचा वटवट्या, परसातला करडा धोबी, शेतातला गप्पीदास. रोज सकाळी घड्याळ लावून झालं की ते बाहेर जाऊन बघतात आणि दिसला-नाही दिसला अशी खूण करतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गप्पीदासाच्या रकान्यात बरेच दिवस काही नाही; वटवट्या अजून आहे, आणि सकाळी जास्त ओरडतो आहे.